ट्यून केलेल्या डिझेल पिकअपने ट्रेलर ओढणे

ट्यून केलेल्या डिझेल पिकअपने ट्रेलर ओढणे ही प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत आढळणारी वाहनवापराची पद्धत आहे. कारखान्यातून मिळालेल्या डिझेल इंजिनाचे नियंत्रण बदलून ज्याची शक्ती व टॉर्क वाढवले आहेत, असा पिकअप ट्रक या पद्धतीत निवासी ट्रेलर, होडी, घोडे व गुरे, गवताचे गठ्ठे, शेतीची यंत्रे किंवा बांधकामाचे साहित्य लादलेला ट्रेलर ओढतो. ट्यूनिंगमुळे इंजिनाची शक्ती वाढत असली, तरी वाहनाची उत्पादकाने ठरवलेली ओढक्षमता वाढत नाही. ब्रेक, टायर, आस, चौकट, स्प्रिंग, गिअरबॉक्स व ट्रेलरची जोडणी यांच्या मर्यादा पूर्वीइतक्याच राहतात. वाढलेली शक्ती व न वाढलेल्या मर्यादा यांतील तफावत हा या विषयातील सुरक्षिततेचा मुख्य प्रश्न मानला जातो.

== पार्श्वभूमी ==

उत्तर अमेरिकेत पिकअप ट्रकचे अर्धा टन, पाऊण टन व एक टन असे ढोबळ वर्ग बोलण्यात रूढ आहेत. ही नावे जुन्या काळच्या भारवहन क्षमतेवरून पडली असून आजच्या वाहनांची प्रत्यक्ष क्षमता त्याहून बरीच जास्त असते. मोठी डिझेल इंजिने मुख्यतः पाऊण टन व एक टन वर्गांतील ट्रकांत बसवली जातात. फोर्डच्या एफ-२५० व एफ-३५०, रॅमच्या २५०० व ३५००, तसेच शेवरोले व जीएमसी यांच्या २५०० व ३५०० या मालिका या वर्गांत मोडतात. एक टन वर्गातील काही ट्रकांच्या मागील आसाला दोन्ही बाजूंस दुहेरी चाके असतात.

डॉजने १९८९ साली आपल्या पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लीटरचे सहा सिलिंडरांचे टर्बोचार्जित डिझेल इंजिन आणले. ते १६० अश्वशक्ती व ४०० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. फोर्डने १९९४ मध्ये ७.३ लीटरचे पॉवर स्ट्रोक इंजिन आणले. जनरल मोटर्सने २००१ च्या मॉडेलांत इसुझूच्या सहकार्याने विकसित केलेले ६.६ लीटरचे ड्युरामॅक्स इंजिन दिले. पुढील दोन दशकांत या तीन उत्पादकांतील स्पर्धेमुळे आकडे झपाट्याने वाढत गेले. फोर्डच्या २०२३ च्या सुपर ड्युटी मालिकेतील ६.७ लीटर इंजिनाची उच्चशक्ती आवृत्ती ५०० अश्वशक्ती व १,२०० पौंड-फूट, म्हणजे सुमारे १,६३० न्यूटन-मीटर टॉर्क देते. सुमारे साडेतीन दशकांत टॉर्क तिप्पट झाला.

ट्यूनिंगची पद्धतही याच काळात बदलली. १९९४ ते १९९८ या काळातील डॉज पिकअपमध्ये बॉशचा यांत्रिक इंधनपंप होता. त्यातील इंधनमर्यादा ठरवणारी पट्टी सरकवून किंवा बदलून इंजिनाला अधिक इंधन देता येत असे. पॉवर स्ट्रोकसारख्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनांसाठी संगणकाला जोडायच्या चिप बाजारात आल्या. त्यानंतर वाहनाच्या निदान-जोडणीत लावून नियंत्रणाचा संपूर्ण कार्यक्रम बदलणारी हातात मावणारी उपकरणे प्रचलित झाली.

== ट्यूनिंगचे कार्य ==

पेट्रोल इंजिनात हवेचा पुरवठा कमीजास्त करून शक्ती नियंत्रित केली जाते. डिझेल इंजिनात हवा सहसा मोकळेपणाने आत येते व शक्तीचे नियंत्रण इंधनाच्या प्रमाणावर होते. त्यामुळे टर्बोचार्जित डिझेल इंजिनाची शक्ती तुलनेने सहज वाढवता येते. ट्यूनिंगमध्ये सामान्यतः पुढील बाबी बदलल्या जातात:

* प्रत्येक स्फोटासाठी फवारल्या जाणाऱ्या इंधनाचे प्रमाण व फवारणीचा कालावधी
* पिस्टनच्या स्थितीनुसार फवारणी सुरू होण्याची वेळ
* कॉमन रेल प्रणालीतील इंधनाचा दाब
* टर्बोचार्जरचा हवादाब
* स्वयंचलित गिअरबॉक्समधील गिअर बदलण्याची वेळ व तेलाचा दाब
* गिअरबॉक्सच्या रक्षणासाठी उत्पादकाने घातलेली टॉर्कमर्यादा

बाजारातील बहुतेक उपकरणांत एकाहून अधिक पातळ्या असतात. इंधनबचत, ट्रेलर ओढणे, दैनंदिन वापर व शर्यत अशी त्यांची विभागणी आढळते. ओढीसाठीच्या पातळीत शक्तीची वाढ मर्यादित ठेवली जाते आणि कमी फेऱ्यांवर इंधन एकदम वाढू दिले जात नाही. शर्यतीच्या पातळीत काही सेकंदांपुरती सर्वाधिक शक्ती मिळवणे हा हेतू असतो. पाव मैलाच्या शर्यतीत इंजिनावर पूर्ण भार पंधरा सेकंदांच्या आसपास राहतो, तर घाट चढणाऱ्या ट्रेलरचा भार दहा-वीस मिनिटे अखंड राहू शकतो. म्हणून मोकळ्या ट्रकमध्ये निर्धोक वाटणारी पातळी ट्रेलर जोडल्यावर इंजिनाच्या नाशास कारण ठरू शकते.

== शक्ती व वजनमर्यादा ==

उत्पादक प्रत्येक ट्रकसाठी अनेक स्वतंत्र वजनमर्यादा ठरवतात. प्रवासी व सामानासह ट्रकचे कमाल वजन, प्रत्येक आसावरील कमाल भार, ट्रक व ट्रेलर मिळून जोडगाडीचे कमाल वजन, ट्रेलरचे कमाल वजन आणि जोडणीवर पडणारा कमाल उभा भार या त्यांतील प्रमुख होत. ट्रकचे कमाल वजन व आसांवरील मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेल्या असतात. यांपैकी जी मर्यादा सर्वांत आधी गाठली जाते, ती त्या जोडगाडीची खरी मर्यादा ठरते.

जाहिरातींत ट्रेलरच्या कमाल वजनाचा आकडा ठळकपणे दिला जात असला, तरी डिझेल पिकअपमध्ये अनेकदा भारवहन क्षमता आधी संपते, कारण डिझेल इंजिन स्वतःच वजनदार असते. उदाहरणार्थ, ५,४०० किलोग्रॅमचा निवासी ट्रेलर ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या, 'फिफ्थ व्हील' नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीने ओढायचा आहे असे मानू. अशा ट्रेलरच्या वजनाचा सुमारे १५ ते २५ टक्के भाग ट्रकवर येतो. २० टक्के धरल्यास हा भार १,०८० किलोग्रॅम होतो. चार प्रवाशांचे ३०० व जोडणीच्या साधनाचे ८० किलोग्रॅम मिळवल्यास बेरीज १,४६० किलोग्रॅम होते. ट्रकची भारवहन क्षमता १,००० किलोग्रॅम असेल, तर ट्रेलरचे वजन जाहीर ओढक्षमतेत बसत असूनही ट्रक ४६० किलोग्रॅमने अतिभारित ठरतो. इंजिनाची शक्ती दुप्पट केली तरी या हिशेबातील एकही आकडा बदलत नाही.

स्प्रिंगांना साहाय्यक म्हणून बसवल्या जाणाऱ्या हवेच्या पिशव्यांबाबतही असाच गैरसमज आढळतो. त्यांच्यामुळे ट्रकची मागची बाजू वर उचलली जाऊन वाहन समतल दिसते, परंतु आस, चाके, टायर व ब्रेक यांची अधिकृत मर्यादा वाढत नाही.

== ओढक्षमतेचे मानक ==

पूर्वी प्रत्येक उत्पादक स्वतःच्या पद्धतीने ओढक्षमता जाहीर करत असे. एसएई या अभियंत्यांच्या संघटनेने २००८ मध्ये जे२८०७ हे मानक प्रसिद्ध केले. टोयोटाने २०११ च्या टुंड्रा पिकअपसाठी ते प्रथम स्वीकारले आणि २०१५ च्या सुमारास अमेरिकेतील तीनही मोठे उत्पादक त्याकडे वळले.

या मानकातील सर्वपरिचित चाचणी ॲरिझोना राज्यातील बुलहेड सिटीजवळच्या राज्यमार्ग ६८ वरील डेव्हिस डॅम चढाची आहे. सुमारे १८ किलोमीटरचा हा चढ सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानात, वातानुकूलन पूर्ण क्षमतेने चालू ठेवून पार करायचा असतो. एकेरी मागील चाकांच्या ट्रकने ताशी ६४ किलोमीटरपेक्षा व दुहेरी चाकांच्या ट्रकने ताशी ५६ किलोमीटरपेक्षा कमी वेगावर येऊ नये, अशी अट आहे. याशिवाय सपाट रस्त्यावरील वेगवाढ, चढावर स्थिर स्थितीतून निघणे, थांबण्याचे अंतर व जोडगाडीची स्थिरता यांच्याही चाचण्या होतात. शक्ती हा त्यांपैकी एकच घटक आहे. या चाचण्या कारखान्यातील मूळ अवस्थेतील वाहनावर घेतल्या जात असल्याने ट्यून केलेल्या वाहनाला त्यांच्या निष्कर्षांचा जसाच्या तसा आधार घेता येत नाही.

== चढावरील शक्तीची गरज ==

ट्रक व ट्रेलर मिळून ९,००० किलोग्रॅम वजनाची जोडगाडी ६ टक्के चढ ताशी ७२ किलोमीटर वेगाने चढत असेल, तर केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी सुमारे १०६ किलोवॅट, म्हणजे १४२ अश्वशक्ती लागते. हाच चढ ताशी १०० किलोमीटर वेगाने चढण्यास सुमारे १४७ किलोवॅट, म्हणजे १९७ अश्वशक्ती लागते. हवेचा व चाकांचा विरोध यात धरलेला नाही. हवेच्या विरोधासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे उंच व चौकोनी निवासी ट्रेलरच्या बाबतीत वेगाची किंमत विशेष जास्त असते.

या हिशेबावरून दोन गोष्टी दिसतात. ४०० अश्वशक्तीच्या आसपासच्या आधुनिक ट्रकला असा चढ चढण्यासाठी ट्यूनिंगची आवश्यकता नसते. १९९० च्या दशकातील १६० ते २२० अश्वशक्तीच्या ट्रकला मात्र तोच चढ संथपणे चढावा लागतो. जलद वाहतुकीच्या महामार्गावर फार हळू चालणारी जोडगाडी स्वतःच धोका निर्माण करते. म्हणून जुन्या ट्रकांत मर्यादित शक्तिवाढ करण्याचे समर्थन केले जाते. अशी शक्ती चढावरचा वेग राखण्यासाठी व महामार्गावरील वाहतुकीत शिरण्यासाठी उपयोगी पडते. अधिक वजन लादण्याचा आधार म्हणून तिचा उपयोग करता येत नाही.

== उष्णता ==

=== उत्सर्जित वायूंचे तापमान ===

ओढीच्या वेळी ट्यून केलेल्या डिझेल इंजिनाला असलेला सर्वांत मोठा धोका उष्णतेचा असतो. उपलब्ध हवेच्या मानाने इंधन जास्त झाले की सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान वाढते व काळा धूर दिसू लागतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पिस्टनसाठी वापरले जाणारे त्याचे मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला आपली बळकटी गमावू लागतात. पिस्टनला खालून तेलाच्या फवाऱ्याने थंड केले जात असल्याने त्याचे तापमान वायूंच्या तापमानापेक्षा कमी राहते. परंतु जास्त तापमान दीर्घकाळ टिकल्यास पिस्टनच्या कडा वितळणे, त्याला भेगा पडणे व टर्बोचार्जरची हानी होणे हे परिणाम संभवतात.

हे तापमान मोजण्यासाठी पायरोमीटर बसवला जातो. त्याचा संवेदक टर्बोच्या आधी, वायू एकत्र येणाऱ्या नळीत असावा लागतो, कारण टर्बोतून गेलेले वायू प्रसरण पावून बरेच थंड झालेले असतात व तेथील आकडा दिशाभूल करतो. टर्बोच्या आधी सुमारे १,२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७५ अंश सेल्सिअस ही अखंड भारासाठीची सावध मर्यादा म्हणून व्यवहारात मानली जाते.

तापमान वाढू लागल्यास इंधनाचा दट्ट्या सैल करणे व खालचा गिअर घेणे हा उपाय असतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, हवा अधिक मिळते, प्रत्येक स्फोटात इंधन कमी लागते आणि पाण्याचा पंप व पंखाही वेगाने फिरतात. याउलट वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर इंजिन रेटत नेल्यास तापमान व सिलिंडरमधील दाब दोन्ही वाढतात. कमी फेऱ्यांवरील अवाजवी टॉर्कमुळे हेड गॅस्केट व कनेक्टिंग रॉड यांवर ताण येतो.

=== शीतकरण व उंची ===

इंजिनाने निर्माण केलेल्या शक्तीबरोबर रेडिएटरने बाहेर टाकायची उष्णताही वाढते. मूळ रेडिएटर, पंखा व इंटरकूलर हे मूळ शक्तीच्या हिशेबाने बनवलेले असतात. उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने तेवढाच दाब निर्माण करण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. कोलोरॅडो राज्यातील आंतरराज्य महामार्ग ७० वरील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. सखल प्रदेशात व्यवस्थित चालणारे ट्यूनिंग अशा उंचीवर टर्बोला त्याच्या सुरक्षित वेगापलीकडे नेऊ शकते.

लांब चढानंतर इंजिन लगेच बंद केल्यास टर्बोच्या बेअरिंगमधील तेल तापून करपते. म्हणून वायूंचे तापमान उतरेपर्यंत काही मिनिटे इंजिन संथ चालू ठेवण्याचा प्रघात आहे.

=== गिअरबॉक्स ===

स्वयंचलित गिअरबॉक्समधील टॉर्क कन्व्हर्टरची क्लच ठरावीक टॉर्कसाठी बनवलेली असते. टॉर्क त्यापलीकडे गेल्यास ती घसरते. घसरण्यातून उष्णता निर्माण होते व उष्णतेने तेल बिघडते. बिघडलेल्या तेलामुळे क्लच आणखी घसरते. गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे अशी अपेक्षा असते. ते सातत्याने बरेच वर गेल्यास तेलाचे आयुष्य वेगाने घटते. घसरण आढळल्यास काही गिअरबॉक्स स्वतःच्या रक्षणासाठी मोजक्याच गिअरमध्ये चालण्याची स्थिती धारण करतात. घाटात ओढ चालू असताना असे घडणे धोकादायक असते. त्यामुळे शक्ती वाढवण्यापूर्वी गिअरबॉक्स मजबूत करणे व तेल थंड करणारे मोठे साधन बसवणे हा क्रम योग्य मानला जातो.

== उतार व ब्रेक ==

चढावर उपयोगी पडलेली शक्ती उतारावर काहीच कामाची नसते. वर उल्लेखिलेली ९,००० किलोग्रॅमची जोडगाडी १० किलोमीटर लांबीचा ६ टक्के उतार उतरते, तेव्हा सुमारे ६०० मीटर उंचीची ५३ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. एवढ्या ऊर्जेने सुमारे १६० लीटर पाणी २० अंशांपासून उकळबिंदूपर्यंत तापवता येते. हवेचा व चाकांचा विरोध त्यातील काही भाग शोषतो, उरलेला इंजिन व ब्रेक यांना सोसावा लागतो. केवळ चाकांच्या ब्रेकवर विसंबल्यास ते तापून त्यांची पकड कमी होते.

डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप सहसा नसल्याने त्याचा नैसर्गिक अवरोध कमी असतो. ही उणीव एक्झॉस्ट ब्रेक भरून काढतो. तो बाहेर पडणाऱ्या वायूंचा मार्ग अरुंद करून पिस्टनवर विरोधी दाब निर्माण करतो. अनेक आधुनिक ट्रकांत टर्बोच्या हलत्या पात्यांकडूनच हे काम करून घेतले जाते. अधिक शक्तीसाठी असा टर्बो काढून स्थिर पात्यांचा मोठा टर्बो बसवल्यास त्याबरोबर एक्झॉस्ट ब्रेकही जातो. त्यामुळे ट्रक चढावर पूर्वीपेक्षा समर्थ व उतारावर पूर्वीपेक्षा दुबळा होतो.

डिझेल ट्रकच्या इतिहासात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. कमिन्स कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये आपल्या डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले असता कॅलिफोर्नियातील कॅहॉन घाटात ट्रकचे ब्रेक निकामी झाले. पायथ्याशी असलेल्या रेल्वे फाटकावर मालगाडीशी होणारी टक्कर थोडक्यात टळली. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी इंजिनालाच ब्रेक म्हणून वापरणाऱ्या यंत्रणेचा आराखडा तयार केला. जेकब्स कंपनीने १९६१ पासून तिचे उत्पादन सुरू केले. जड वाहनांतील ही यंत्रणा 'जेक ब्रेक' या नावाने ओळखली जाते.

वेगाचा परिणामही ब्रेकवर होतो. ९,००० किलोग्रॅमच्या जोडगाडीची गतिज ऊर्जा ताशी ९० किलोमीटरला सुमारे २.८ मेगाज्यूल, तर ताशी ११० किलोमीटरला सुमारे ४.२ मेगाज्यूल असते. वेग २२ टक्क्यांनी वाढला असता थांबवायची ऊर्जा सुमारे ४९ टक्क्यांनी वाढते.

ट्रेलरच्या चाकांना स्वतंत्र, बहुधा विजेवर चालणारे ब्रेक असतात व चालकाजवळील नियंत्रकाने त्यांचा जोर ठरवला जातो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सुमारे ३,००० पौंड, म्हणजे १,३६० किलोग्रॅमपेक्षा जड ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. काही राज्यांची मर्यादा याहून कमी आहे. ट्रेलर तुटून वेगळा झाल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी कळ व तिची बॅटरीही आवश्यक असते.

उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर घेणे, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवणे आणि चाकांचे ब्रेक सतत हलके दाबून न ठेवता अधूनमधून जोराने लावून सोडणे, ही घाट उतरण्याची प्रचलित रीत आहे. ट्रक, ट्रेलर व इंजिन यांपैकी कोणताही एक ब्रेक नीट नसल्यास उरलेल्यांवर त्याचा भार येतो.

== ट्रेलरचे झोके ==

ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागणे हा जोडगाडीच्या गंभीर अपघातांचा एक परिचित प्रकार आहे. प्रत्येक जोडगाडीचा असा एक वेग असतो की त्याच्या पुढे हेलकावे आपोआप शमण्याऐवजी वाढत जातात. ट्रेलरमधील वजन मागच्या बाजूस जास्त असणे, जोडणीवर पुरेसा भार नसणे, टायरमध्ये हवा कमी असणे, आडवा वारा व मोठ्या वाहनाने ओलांडून जाणे यांमुळे हा धोका वाढतो. साध्या गोलकाच्या जोडणीत ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग जोडणीवर यावा व सुमारे ६० टक्के सामान ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात असावे, असा संकेत आहे.

ट्यून केलेला ट्रक वेग सहज पकडतो व इंजिनाला भार जाणवत नसल्याने चालकालाही तो जाणवेनासा होतो. त्यामुळे जोडगाडी नकळत या धोक्याच्या वेगापर्यंत पोहोचू शकते. ओल्या रस्त्यावर टर्बोचा दाब एकदम वाढून मागील चाके घसरल्यासही झोके सुरू होऊ शकतात. झोके सुरू झाल्यास स्टीअरिंग स्थिर धरून इंधन सोडणे व केवळ ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूहळू लावणे उपयोगी ठरते. वेग वाढवून झोके मोडण्याचा प्रयत्न किंवा ट्रकचे ब्रेक एकदम दाबणे यामुळे परिस्थिती बिघडते.

== जोडणी व टायर ==

जोडणीची क्षमता तिच्या सर्वांत कमकुवत भागावरून ठरते. गोलक, त्याचा दांडा, चौकटीला बसवलेला ग्राहक भाग, ट्रेलरचा पकडीचा भाग व सुरक्षा साखळ्या या प्रत्येकाची स्वतंत्र मर्यादा असते. पकडीच्या मापापेक्षा लहान गोलक वापरल्यास जोडणी बसल्यासारखी दिसते, पण खड्ड्यात उसळी मिळताच सुटू शकते. सुरक्षा साखळ्या एकमेकींना छेदून ट्रेलरच्या दांड्याखालून बांधतात, जेणेकरून जोडणी सुटल्यास दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांवर झेलला जातो.

शक्तिवर्धित ट्रकांना अनेकदा उंच उचललेली चौकट व मोठ्या व्यासाची चाके बसवलेली असतात. यामुळे जोडणीची उंची बदलते, गुरुत्वमध्य वर जातो, एकूण गिअर गुणोत्तर बदलून इंजिन व गिअरबॉक्सवरील भार वाढतो आणि त्याच ब्रेकला मोठे चाक थांबवावे लागते. सजावटीसाठी निवडलेल्या टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी असण्याचीही शक्यता असते.

== कायदेशीर बाबी ==

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार वाहनातील उत्सर्जन नियंत्रक साधने काढणे किंवा निष्प्रभ करणे, तसेच त्यासाठीची उपकरणे बनवणे व विकणे निषिद्ध आहे. २००७ पासूनच्या डिझेल पिकअपमध्ये काजळी अडवणारी गाळणी व त्यानंतरच्या वर्षांत नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा आली. ही साधने काढून केलेले ट्यूनिंग 'डिलीट' या नावाने ओळखले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मधील अहवालात मागील दशकात ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअपमधील उत्सर्जन नियंत्रणे काढली गेल्याचा अंदाज मांडला. या ट्रकांच्या आयुष्यात त्यामुळे ५,७०,००० टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाईल, असेही त्यात नमूद केले होते.

सर्वच ट्यूनिंग बेकायदेशीर नसते. कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड उत्सर्जनावर प्रतिकूल परिणाम न करणाऱ्या सुट्या भागांना व उपकरणांना तपासणीनंतर कार्यकारी आदेश क्रमांक देते. असा क्रमांक असलेली उपकरणे उत्सर्जन साधने शाबूत ठेवून चालतात.

१९७५ च्या मॅग्नुसन-मॉस हमी कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून संपूर्ण हमी नाकारता येत नाही. परंतु त्या भागामुळेच बिघाड झाल्याचे दिसून आल्यास उत्पादक त्या दुरुस्तीचा खर्च नाकारू शकतो.

व्यावसायिक वापरात जोडगाडीची वजनमर्यादा २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११,७९४ किलोग्रॅम किंवा अधिक व त्यातील ट्रेलरची मर्यादा १०,००० पौंडांहून जास्त असल्यास व्यावसायिक चालक परवाना लागतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. ट्रकच्या शक्तीनुसार ती बदलत नाही.

== प्रवासापूर्वीची दक्षता ==

ट्यून केलेल्या ट्रकने ट्रेलर ओढताना पुढील बाबींची तपासणी महत्त्वाची मानली जाते:

* सामान व प्रवाशांसह संपूर्ण जोडगाडीचे वजनकाट्यावर वजन करणे व प्रत्येक आसावरील भार मर्यादेशी ताडून पाहणे. अमेरिकेतील महामार्गांलगतच्या ट्रक थांब्यांवर असे वजनकाटे उपलब्ध असतात.
* ट्रेलर जोडण्यापूर्वी ट्यूनिंग ओढीच्या किंवा मूळ पातळीवर आणणे.
* उत्सर्जित वायू, शीतक व गिअरबॉक्सचे तेल यांचे तापमान दाखवणारे मापक चालू असल्याची खात्री करणे.
* गिअरबॉक्स ओढीच्या स्थितीत ठेवणे व एक्झॉस्ट ब्रेकची चाचणी घेणे.
* ट्रेलरच्या ब्रेकचा जोर कमी वेगात तपासून नियंत्रक जुळवून घेणे.
* थंड टायरमधील हवेचा दाब, चाकांचे नट, दिवे, साखळ्या व तुटकळीची बॅटरी तपासणे.
* काही किलोमीटर गेल्यावर थांबून जोडणी, चाकांच्या तुंब्यांची उष्णता व सामानाची बांधणी पुन्हा पाहणे.
* ट्रेलर सोडण्यापूर्वी त्याच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे.

== हे सुद्धा पहा ==

* डिझेल इंजिन
* टर्बोचार्जर
* पिकअप ट्रक
* इंजिन ब्रेक
* स्वयंचलित गिअरबॉक्स